उभा पाय

हेइआन शोदान ही कराटेतली काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, जिथून सुरू होते तिथेच येऊन संपते. २१ हालचाली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग सरळ तीन पावलं पुढे, पुन्हा दोन्ही बाजू, तीन पावलं परत आणि शेवटी दोन तिरके फाटे. जमिनीवर रेघ ओढत गेलं तर दोन आडव्या दांड्या आणि त्यांना जोडणारी एक उभी दांडी दिसेल. शोतोकान या कराटेच्या शैलीत पांढऱ्या पट्ट्याला, म्हणजे नवशिक्याला, बहुतेक ठिकाणी हीच काता आधी शिकवतात. मी ती चार वर्षं करत होते आणि चार वर्षांत एकदाही सुरुवातीच्या जागी परत आले नव्हते.

हे मला ठाऊकच नव्हतं. वर्गात सगळे एकत्र काता करतात, शेवटी वाकून रेई, म्हणजे नमस्कार, होतो, ओळ पुन्हा सरळ होते आणि पुढचा आदेश येतो. कोण कुठे संपलं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. एका शनिवारी आमच्या शिक्षिकेने, सेन्सेईंनी, प्रत्येकाच्या दोन पायांच्या मधोमध खडूने फुली मारली आणि सांगितलं, आता फुली विसरा, खाली बघायचं नाही. काता संपली. मी खाली पाहिलं तर पायाखाली नुसती जमीन. फुली माझ्या मागे पाऊलभर आणि डावीकडे वीतभर होती. शेजारची नऊ वर्षांची मुलगी मात्र नेमकी तिच्या फुलीवर उभी होती, जणू मधल्या मिनिटभरात ती तिथून हललीच नव्हती.

"ताई, हात चांगले झालेत तुमचे," सेन्सेई म्हणाल्या. त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. वर्गात मी त्यांना सेन्सेई म्हणते आणि त्या मला ताई. "आता काही महिने हातांकडे बघूच नका."

त्या काही महिन्यांत जे कळलं ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. पाय कुठे टाकायचा हे सांगणारी चित्रं पुष्कळ सापडतात. पाय तिथे का पडत नाही हे मात्र मला कुठल्याच चित्रात सापडलं नाही.

*

पवित्रा हा शब्द मूळचा आखाड्यातला. आज आपण तो कशालाही वापरतो, आक्रमक पवित्रा, सावध पवित्रा, ऐन वेळी बदललेला पवित्रा. या शब्दाचं क्रियापद बघा: पवित्रा 'घ्यायचा' असतो. मीही तो घेतच होते. हात-पाय ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचे, क्षणभर थांबायचं आणि आपण बरोबर दिसतोय ना ते आरशात तपासायचं. जपानीत ज्याला दाची म्हणतात तो शब्द निघालाय 'उभं राहणे' या साध्या क्रियापदावरून. झेनकुत्सू-दाची, कोकुत्सू-दाची, किबा-दाची म्हणजे उभं राहण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा, एवढंच. उभं राहणं ही घेण्याची वस्तू नाही, ती सतत चाललेली गोष्ट आहे. हा फरक शब्दांचा वाटतो, पण माझ्या गुडघ्याला तो फार महागात पडला.

आकडे मला पाठ होते. झेनकुत्सूमध्ये वजन साधारण ६० टक्के पुढच्या पायावर, ४० टक्के मागच्या. लांबी खांद्यांच्या रुंदीच्या सुमारे दुप्पट, दोन पायांमधली रुंदी खांद्यांएवढी. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, पुढचं पाऊल किंचित आत वळलेलं आणि मागचं पाऊल जमेल तितकं पुढच्या दिशेला. कोकुत्सूमध्ये ७० टक्के मागे, ३० टक्के पुढे, दोन्ही टाचा एका रेषेत. किबामध्ये वजन निम्मं निम्मं आणि पावलं समांतर. परीक्षेत विचारलं तर मी हे सगळं न अडखळता सांगत असे. पण हे आकडे पाऊल पडून गेल्यानंतरचे आहेत. पाऊल कसं पडावं हे ते सांगत नाहीत.

सेन्सेईंनी पहिल्या दिवशी एकच काम दिलं. झेनकुत्सूत उभी राहिले की मागच्या पायाच्या बाहेरच्या कडेखाली, करंगळीपासून टाचेपर्यंत, त्यांनी कागदाची एक पट्टी सरकवली आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीला म्हणाल्या, "ओढ."

तिने ओढली. कागद सुळकन निघून आला, कुठे चुरगळलाही नाही.

"काकू, तुमचा पाय खाली टेकलेलाच नाहीये," ती मुलगी म्हणाली. तिला ती तक्रार वाटत नव्हती. तिला आश्चर्य वाटलं होतं.

मला तर पाय पूर्ण टेकल्यासारखाच वाटत होता. आरशातही तसाच दिसत होता. पण कागदाला जे कळलं ते आरशाला कळलं नव्हतं. मागच्या पायाचं सगळं वजन आतल्या कडेवर, अंगठ्याच्या बाजूला कललेलं होतं. टाच जमिनीला लागत होती, पण तिच्यात दम नव्हता. मग उजवा पाय मागे घेऊन बघितलं. तिथे कागद अर्धा आला आणि फाटला. म्हणजे दोष डाव्या पायात जास्त. आमच्या वर्गात तेव्हापासून कागद ओढण्याचा हा प्रकार रूढ झालाय आणि फाटलेला कागद दाखवत मुलं नाचतात.

*

इथे थोडं मागे जायला हवं. मी अडतिसाव्या वर्षी कराटे सुरू केलं ते दुसऱ्या एका वर्गात. तिथे पवित्र्याबद्दल एकच आज्ञा असायची: खाली, आणखी खाली. खोल बसला तो चांगला. मी बसत गेले. दीड वर्षात डावा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला, जिना उतरताना तर फारच. तिथे सांगितलं गेलं की वय झालंय, सवय होईल. मी तो वर्ग सोडला. कराटे सोडायचं जिवावर आलं होतं, म्हणून एका फिजिओथेरपिस्टकडे गेले.

तिने गुडघ्याला हातही लावला नाही. आधी मला भिंतीसमोर उभं केलं. पाऊल भिंतीपासून थोडं मागे, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. पाऊल किती मागे नेलं तरी गुडघा टेकतो ते मोजायचं. उजव्या पायाने ९ सेंटीमीटर जमले. डाव्या पायाने ५ पुढे जाताच टाच वर आली. मग तिने मला पाठीवर झोपवून दोन्ही खुब्यांची फिरकी तपासली.

तिचं म्हणणं सोपं होतं. खुबा हा खोबणीत बसलेल्या गोळ्याचा सांधा, तो सगळ्या बाजूंनी फिरतो. घोटा पुढे-मागे वाकतो आणि त्याच्या खालचं पाऊल, २६ हाडांचं, थोडं आत-बाहेर कलतं. गुडघा मात्र मुख्यतः बिजागरीसारखा, वाकणं आणि सरळ होणं हेच त्याचं काम, वळण्याची मुभा फार थोडी. पाऊल एका दिशेला रोवलेलं आणि कंबर दुसऱ्या दिशेला वळवायची असेल तर ते वळण खुब्याने द्यायला हवं आणि घोट्याने झेलायला हवं. ते दोघे आखडलेले असले की उरलेलं वळण मधल्याच्या माथी बसतं. माझा गुडघा दुसऱ्यांचं काम करून दुखत होता.

झेनकुत्सूत हे लख्ख दिसतं. मागचा पाय ताठ, पाऊल पुढच्या दिशेला आणि टाच खाली, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतील तर घोटा भरपूर वाकावा लागतो आणि पोटरी लांब व्हावी लागते. पोटरी देत नसेल तर शरीर तीनपैकी एका गोष्टीवर पाणी सोडतं. कुणाची टाच उचलली जाते. कुणाचं पाऊल बाहेर फिरतं, थेट आडवं होतं. कुणाचा मागचा गुडघा वाकतो. माझ्या शरीराने चौथी वाट काढली होती, तळवा आत कलवून टाच टेकल्याचा भास निर्माण करायची. ही वाट बाहेरून दिसत नाही, म्हणून ती चार वर्षं चालली.

उपाय कंटाळवाणे होते आणि लागू पडले. पोटरीचा ताण दोन प्रकारे, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. वरचा गुडघ्याच्याही मागून जातो, म्हणून तो गुडघा सरळ असतानाच ताणला जातो. खालचा खोलवरचा स्नायू गुडघा वाकवला की हाताला लागतो. मी वर्षानुवर्षं फक्त पहिला ताण देत होते. आणि तोवर पवित्रा आखूड. सेन्सेईंनी माझी लांबी सरळ कमी केली. माप घ्यायची त्यांची एक पद्धत आहे: पवित्र्यात उभं राहायचं, पाय न हलवता मागचा गुडघा सावकाश जमिनीवर टेकवायचा आणि पुढच्या टाचेच्या तो किती मागे येतो ते बघायचं. त्यांना तिथे मुठीएवढी जागा हवी असते. माझी तीन मुठी निघाली. खोल बसण्याच्या नादात मी माझ्या अंगाला न पेलणारं अंतर घेत होते.

आखूड पवित्र्यात उभं राहताना मला पहिल्यांदा कमीपणा वाटला. मग त्या मुलीने खांद्याला तळहात लावून ढकललं आणि मी हलले नाही.

*

कागद फाटायला लागल्यावर मला वाटलं, झालं. पुन्हा फुली मारून काता केली. पुढचा फरक निम्म्याहून कमी झाला होता. उजवीकडची वीत तशीच होती.

तेव्हा सेन्सेईंनी तो शब्द पहिल्यांदा वापरला. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही नेहमी चालत्या पायाकडे बघता. उभा पाय बघा."

पाऊल टाकताना एक पाय चालता असतो आणि एक उभा. आपलं सगळं लक्ष चालत्या पायावर, तो कुठे पडेल, किती लांब, किती रुंद. पण तो पडतो कुठे हे ठरवतो उभा पाय. हे ऐकायला मान्य होतं, अंगाला पटायला वेळ लागला. अंगाला पटलं ते पुढच्या पावलाच्या बोटांकडे बघितल्यावर.

झेनकुत्सूतून ओई-झुकी, म्हणजे पाऊल टाकत मारायचा ठोसा, मारत पुढे जायचंय असं समजा. डावा पाय पुढे आहे. उजवा पाय मागून निघतो, अर्धवर्तुळात आत येतो, डाव्या पायाला जवळजवळ घासून जातो आणि तितकाच बाहेर पडून पुढे टेकतो. या वेळात डाव्या पायाने काय करायचं? काहीच नाही. तिथे राहायचं. मी मात्र निघण्याआधी डाव्या पायाची बोटं टाचेवर फिरवून बाहेर उघडत असे, साधारण हाताच्या दोन बोटांइतकी. का? कारण ती उघडली की खुब्याला वाट मिळते, पाऊल सोपं जातं. पुष्कळजण हे करतात, करताना कुणालाच कळत नाही.

एवढ्याशा उघडण्याचे परिणाम फार दूर जातात. समोरच्याला आपण निघतोय हे निघण्याआधीच दिसतं. कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, माझ्या प्रत्येक हल्ल्याची वर्दी माझा अंगठा देत होता. गुडघा बोटांच्या मागे न जाता आत पडतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी कळली तेव्हा मी भर वर्गात थांबून राहिले: पाऊल पूर्ण झालं की हाच डावा पाय मागचा पाय होतो. तो आधीच बाहेर फिरलेला असतो. मग कंबर समोर आणायला लागलं की तो आणखी ओढला जातो, कड उचलली जाते आणि कागद निघून येतो. म्हणजे मागच्या पायाचा जो दोष मी महिनोन् महिने मागच्या पायात शोधत होते, तो जन्माला येत होता तो पाय पुढे असताना.

चूक दिसते तिथे ती झालेली नसते. ती एक पाऊल आधी झालेली असते.

हे सुधारायला मी मारायचंच बंद केलं. हात कमरेवर, उभ्या पायाच्या अंगठ्याशेजारी जमिनीवर एक नाणं, आणि नाण्याला धक्का न लावता पाऊल पुढे. एकदा, थांबा, परत मागे. लक्ष तळव्याच्या तीन जागांवर: अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच. पाऊल निघताना यातली कुठली जागा हलकी होते? माझी करंगळी. दरवेळी करंगळीच आधी सोडून जायची. बोटं आवळून जमीन धरायचा मोह होतो, पण बोटं आवळली की तळवा वर उचलला जातो आणि घोटा ताठरतो. बोटं लांब ठेवून नुसतं वजन पसरू द्यायचं असतं. काही शैलींत, विशेषतः सांचिन या कातेत, बोटांनी जमीन पकडायला शिकवतात. तो वेगळा हिशेब आहे, तिथे पावलं आखूड, बोटं आत वळलेली आणि गुडघे एकमेकांकडे. माझ्या झेनकुत्सूला त्याने अपाय झाला असता.

चालत्या पायाच्या अर्धवर्तुळाबद्दलही इथेच सांगते. तो आत का येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी ते नक्षी समजून करत होते. पाय सरळ रेषेत नेला तर मधल्या क्षणी शरीराचा भार उभ्या पायापासून दूर, हवेत असतो. आत आणला की तो क्षणभर उभ्या पायाच्या बरोबर वर येतो, तिथून कुठेही जाता येतं, मागेसुद्धा. पण आत आलेला पाय पुन्हा बाहेर जायलाच हवा. तो आळस केला की दोन्ही पावलं एका रेषेत येतात, दोरीवर चालल्यासारखी. अशा वेळी समोरून आलेला धक्का झेलता येतो, बाजूने आलेलं बोटसुद्धा झेलता येत नाही.

*

पवित्र्यांच्या इतिहासाचा मला या काळात नाद लागला. 'खाली, आणखी खाली' हे कुठून आलं याचा शोध घ्यावासा वाटला.

आजचं खोल आणि लांब झेनकुत्सू ओकिनावाहून, म्हणजे कराटेच्या मूळ बेटावरून, जसंच्या तसं आलेलं नाही. शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये तोक्योत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढे तिथेच राहून ते शिकवलं. त्यांच्या जुन्या छायाचित्रांत पवित्रे बरेच उंच आणि आखूड आहेत. ते लांब आणि खोल झाले ते मुख्यतः त्यांचा मुलगा योशिताका याच्या हाताखाली, १९३० च्या दशकात आणि त्यानंतर. माझा गुडघा ज्या आज्ञेने दुखावला ती काही सनातन आज्ञा नव्हती, हे वाचून मला मनापासून दिलासा मिळाला. खोल पवित्र्याचे फायदे खरे आहेत. पाय कसदार होतात, खुबे मोकळे होतात. पण तो सराव आहे, आणि सराव अंगाच्या मापाने शिवून घ्यायला हवा.

फुनाकोशींच्या वीस सूत्रांतलं सतरावं सूत्र याच विषयावर आहे: कामाए, म्हणजे ठरीव पवित्रा, नवशिक्यांसाठी, नंतर नैसर्गिक उभं राहणं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुटकेचा रस्ता सापडल्यासारखं वाटलं. आता मला त्यातला 'नंतर' हा शब्द दिसतो. फुनाकोशींनी स्वतः तेक्कीच्या तीन कातांवर दहा वर्षांच्या आसपास घालवली. तेक्की या काता जवळजवळ पूर्णपणे किबा-दाचीत, नुसतं बाजूला सरकत करायच्या. पाय ओलांडायचा, टेकायचा, पुन्हा रुंद उभं राहायचं. दहा वर्षं. त्यानंतर माणूस नैसर्गिक उभा राहिला तर त्या उभं राहण्यात काय काय मुरलेलं असेल!

त्यांच्या तरुणपणाचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चक्रीवादळ चाललंय. ओकिनावातल्या एका घराच्या कौलांवर एक तरुण उभा आहे, अंगावर जेमतेम वस्त्र, दोन्ही हातांत तातामीची चटई ढालीसारखी धरलेली, तोंड वाऱ्याकडे. पाय किबा-दाचीत. अंग चिखलाने माखलेलं आहे, म्हणजे तो आधी पडून पुन्हा चढला असणार. तो तरुण म्हणजे फुनाकोशी. लोक हा प्रसंग जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतात. मी त्या पायांचा विचार करते. कौल ओलं, उताराचं, आणि वाऱ्याचा दाब एकसारखा नसणार. झोत येणार, थांबणार, बाजूने फिरणार. ताठ खांबासारखा उभा राहिलेला माणूस तिथे टिकणार नाही. वारा थांबला त्या क्षणी तो स्वतःच्याच जोराने पुढे पडेल. तिथे टिकायचं तर तळव्यांना क्षणाक्षणाला ऐकावं लागेल, वजन इकडून तिकडे केसभर सरकवत राहावं लागेल, आणि हे सगळं बाहेरून न हलल्यासारखं दिसेल. मला वाटतं ते त्या वादळात हेच शिकायला वर चढले होते. मी हे ताडून लिहितेय, पण डाव्या पायाच्या करंगळीवर सहा महिने घालवल्यावर दुसरं काही सुचत नाही.

आंको इतोसू हे फुनाकोशींच्या गुरूंपैकी एक. त्यांनी १९०८ मध्ये लिहिलेल्या पत्रात दहा मुद्दे आहेत. सरावाच्या वेळी पाठ ताठ, खांदे खाली, पायांत जोर आणि भार ओटीपोटाकडे, असं त्यात सांगितलंय. या वाक्यातही मुठीचा पत्ता नाही.

*

उजवीकडच्या वितेचा उलगडा शेवटी गच्चीवर झाला.

कल्पना सेन्सेईंची. खडू पुसला जातो, आरसा खोटं बोलतो, मोबाइलवर चित्रण केलं तर आपण पुन्हा हातच बघत बसतो. "पाय भिजवा आणि काता करा," त्या म्हणाल्या. गच्चीची जमीन खरबरीत सिमेंटची होती, घसरण्याची भीती नव्हती. बादलीत दोन्ही पाय बुडवले. पाणी पाच-सहा पावलांत संपतं, म्हणून काता तुकड्या-तुकड्यांनी करायची आणि ऊन ठसे पुसून टाकायच्या आत वाकून बघायचं.

स्वतःच्या पावलांचे ठसे असे मांडून समोर आले की त्यांच्याशी वाद घालता येत नाही. नाण्याच्या सरावाचा परिणाम दिसत होता. उभ्या पायाचे ठसे बहुतेक जागी स्वच्छ होते, टाचेची वाटी, बाहेरची कड, चवडा, पाच ठिपके. पूर्वी तिथे पंख्यासारखे फराटे असते.

हेइआन शोदानमध्ये २७० अंशांची दोन मोठी वळणं आहेत. पहिलं आगे-उकेच्या, म्हणजे हात वर नेऊन वार अडवण्याच्या, तीन पावलांनंतर, दुसरं ओई-झुकीच्या तीन पावलांनंतर. दोन्ही वेळा उभा पाय उजवा, डावा पाय मोठा फेरा घेऊन नव्या दिशेला जातो. वळताना भार टाचेवर ठेवायचा की चवड्यावर, यावर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं शिकवतात. आमच्याकडे टाच. पहिल्या वळणाचा ठसा तसाच उमटला होता: टाचेच्या जागी एक घट्ट ओला गोल आणि त्याच्याभोवती चवड्याने काढलेली कमान. दुसऱ्या वळणाच्या जागी मात्र दोन गोल होते. एक फिकट, टाचेचा. दुसरा गडद, चवड्याचा. मी टाचेवर वळायला सुरुवात करून क्षणार्धात चवड्यावर गेले होते, आणि सगळं वळण चवड्याभोवती झालं होतं.

सेन्सेई उकिडव्या बसल्या. त्यांनी अंगठा आणि मधलं बोट ताणून दोन गोलांमधलं अंतर मोजलं. वितेला थोडं कमी.

माझी हरवलेली वीत तिथे होती. टाचेऐवजी चवड्याभोवती फिरलं की सगळं शरीर टाचेपासून चवड्यापर्यंतच्या अंतराने बाजूला जातं आणि तिथून पुढची सगळी पावलं, कितीही अचूक टाकली, तरी त्या सरकलेल्या जागेवरूनच मोजली जातात.

पण पहिल्या वळणात हे का झालं नाही? आम्ही दोघी बराच वेळ त्या ठशांकडे बघत होतो. मग त्यांनी मला ओई-झुकीची तीन पावलं पुन्हा टाकायला सांगितली, शेवटच्या ठोशाला थांबवलं आणि माझ्या टाचेशी बोट लावलं. टाचेत भार नव्हता. आगे-उकेत हात डोक्याच्या वर जातो, पाठ आपोआप उभी राहते, वजन पायांच्या मधोमध असतं. ओई-झुकीत मी ठोशाच्या मागे जात होते. तिसऱ्या ठोशाला किआय, म्हणजे जोराची आरोळी, त्यात सगळा जीव ओतायचा, आणि त्या भरात छाती पुढच्या गुडघ्याच्याही पुढे. भार चवड्यावर. त्या क्षणी टाच मोकळी होती, मग तिच्याभोवती वळणार कसं? परतीची तीन पावलं आखूड का पडत होती तेही तिथेच कळलं: अंतर पाऊल कापत नव्हतं, वाकलेलं शरीर कापत होतं.

वळणातली चूक वळणात नव्हती. तीही एक पाऊल आधी होती.

त्या दिवसापासून मी तिसरा ठोसा मारल्यावर एक श्वास थांबते. किआय विरून जाऊ देते. टाच खाली आहे ना, तिच्यात मी आहे ना, एवढंच विचारते आणि मगच मान वळवते. पहिले काही आठवडे काता तुटक झाली, लय गेली. सेन्सेईंनी ती जाऊ दिली. नऊ वर्षांची मुलगी आता दहाची झाली आहे आणि थांबलेल्या माझ्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून तीही एक श्वास थांबते.

गेल्या शनिवारी पुन्हा फुली मारली. काता संपवून खाली पाहिलं. पुढे-मागे काही फरक नव्हता. फुली माझ्या उजव्या पायाखाली अर्धी झाकली गेली होती. चार बोटं, आणि या वेळी मी डावीकडे होते.

"डावीकडे?" मी म्हटलं.

सेन्सेई वाकल्या, फुलीकडे बघितलं, मग माझ्या डाव्या पावलाकडे. "शेवटच्या दोन शुतो-उके," त्या म्हणाल्या, म्हणजे उघड्या हाताने वार अडवण्याच्या हालचाली. "कोकुत्सू. तिथे उभा पाय कोणता असतो?"

मी मनातल्या मनात पावलं टाकून बघितली. तोवर ती मुलगी बादली भरून घेऊन आली होती.